नागुबाईचा अबोला

विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागं वैजनाथ ढगे नावाचा क्लार्क बसतो. त्याच्या टेबलाच्या खणात चिठ्ठ्यांच्या सहा गड्ड्या आहेत, रबर लावून ठेवलेल्या. 'उत्पन्नाचा दाखला जुना आहे, चालू वर्षाचा आणा.' 'आधार बँकेला जोडलेलं नाही.' 'साहेब रजेवर आहेत, सोमवारी या.' खिडकीत पोरगं आलं की वैजनाथ त्याचे कागद बघतो आणि लागेल ती चिठ्ठी काढून त्याच्या हातावर ठेवतो. तोंड उघडायचं काम पडत नाही. पोरांना वाटतं, क्लार्क माजलेला आहे. सहकाऱ्यांना वाटतं, आतल्या गाठीचा आहे. खरं एवढंच आहे की या माणसाला बोलता येत नाही.

मुका नाही, तोतरा नाही, घशात काही बिघाड नाही. घरात बायकोशी, पोरीशी रोजचं तो चारचौघांसारखा बोलतो; मनातलं अवघड काही सांगायचं झालं तर तिथंही अडतो. पण समोर दोन परकी माणसं बसली आणि त्यांनी 'हं, बोला' म्हटलं की वाक्य जिभेपर्यंत येतं आणि तिथंच बसकण मारतं. उमरीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला त्याला भाषणाला उभं केलं होतं. अख्खं भाषण तोंडपाठ होतं. 'अध्यक्ष महोदय' म्हणाला आणि पुढची पाच मिनिटं झेंड्याकडं बघत उभा राहिला. शेवटी मास्तरांनी दंडाला धरून खाली बसवलं. आणि आपल्याकडं तर माईकचा सोस असा की बोअरला पाणी लागलं तरी कुणीतरी दोन शब्द बोलल्याशिवाय नारळ फुटत नाही. अशा मुलखात ज्याला हे दोन शब्द येत नाहीत त्यानं करावं काय? वैजनाथ लिहायला लागला.

तो सिनेमाच्या पटकथा लिहितो. कोण कुठून येतं, काय करतं, काय बोलतं, कधी गप्प राहतं, ते प्रसंगवार लिहून काढायचं. कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर बघून, चुकत, खोडत शिकला. पंधरा वर्षांत चार लिहिल्या. पहिल्या तीन कपाटात आहेत आणि तिथंच त्या बऱ्या आहेत. चौथी त्यानं आपल्या आत्यावर लिहिली, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

नागुबाई ही त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी नवऱ्यानं आणून सोडलं, आणि मग ती कायमची भावाच्याच घरी राहिली. वैजनाथ तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याला नागुबाईनंच न्हाऊमाखू घातलं. तो आठ वर्षांचा होता तेव्हा आजोबा वारले. मागं सहा एकर जमीन आणि तिला वारस दोघं, भाऊ आणि बहीण. दिवसकार्य आटोपल्यावर भावानं नागुबाईला नवं लुगडं घेतलं, ते नेसवून तालुक्याला नेलं आणि रजिस्ट्री कचेरीत हक्कसोडीचा कागद पुढं ठेवला. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, असा कागद. आपल्याकडं बहिणी तो करून देतात. नाही दिला तर माहेर तुटतं, आणि नागुबाईला तर माहेराशिवाय दुसरं घरच नव्हतं.

कचेरीतल्या साहेबानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "बाई, राजीखुशीनं सोडताय ना हिस्सा?"

नागुबाई गप्प. साहेबानं पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली.

"हाव म्हणती ती," भाऊ म्हणाला.

साहेबानं होकार लिहून घेतला. अंगठा उमटला.

त्या दिवसापासून नागुबाई भावाशी एक शब्द बोलली नाही. एकोणीस वर्षं. भांडण नाही, आदळआपट नाही, चार लोकांत तमाशा नाही. त्याचं जेवण, त्याचं धुणं, त्याच्या दुखण्याखुपण्याचा काढा, सगळं वेळच्या वेळी. फक्त बोलणं बंद. गल्लीत तिचा आवाज चार घरं पलीकडं ऐकू यायचा आणि भाऊ उंबऱ्यात आला की तो आवाज तिथंच थांबायचा. काही सांगायचंच झालं तर ती वैजनाथला मधे घालायची. भाऊ दोन हातांवर बसलेला असला तरी म्हणायची, "वैजू, तुझ्या बापाला सांग, भाकरी वाढलीया." वैजू सांगायचा. बाप म्हणायचा, "आत्याला म्हण, आलो." वैजू तेही सांगायचा. त्या पोराचं लहानपण दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडं पोचवण्यात गेलं आणि स्वतःचं वाक्य बोलायचं राहूनच गेलं, असं त्याची बायको उज्वला म्हणते. ते खोटं नसावं.

मग बापाला अर्धांगवायू झाला. सहा महिने खाटेवर. नागुबाईनं त्याचं हगणंमुतणं काढलं, कूस बदलली, चमच्यानं पेज भरवली. शेवटच्या आठवड्यात तो वाकड्या तोंडानं म्हणाला, "नागे, एकदा तरी बोल गं." तिनं ओल्या फडक्यानं त्याची लाळ पुसली, उशी सारखी केली आणि तव्यावरची भाकरी करपंल म्हणून उठून गेली. तिसऱ्या दिवशी तो गेला. ती भाकरीला उठून गेली तेव्हा वैजनाथ खाटेच्या पायथ्याशी बसला होता. आपल्या आत्यानं किती मोठी लढाई एकही शब्द न उच्चारता लढली, हे त्याला त्या दिवशी कळलं. बोलता न येणाऱ्या माणसाला ते कळलं नाही तर कुणाला कळणार?

आता नागुबाई त्याच्याजवळ नांदेडला असते. चौऱ्याहत्तरावं चालू आहे. जगात ती एकटीच अशी आहे की वैजनाथचं वाक्य अडलं तर ते दुसऱ्या कुणासारखं पुरं करून देत नाही. हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत वाट बघते. लिहायला घेण्याआधी त्यानं तिला विचारलं होतं. ती तुरीची डाळ निवडत होती.

"आत्या, तुझं आन् माझ्या बापाचं... लिहू का? पिक्चरसाठी?"

तिनं पाच-सहा खडे बाजूला काढले. मग म्हणाली, "लिही. पर मला त्याच्यासंगं बोलायला लावू नको. पडद्यावरबी न्हाई. आन् माफ करायलाबी लावू नको. म्या केलं न्हाई माफ."

"न्हाई लावणार," वैजनाथ म्हणाला.

माणसाच्या तोंडून शब्दच कमी निघत असले की निघालेल्या शब्दाला वजन येतं. हा शब्द त्यानं दिला होता आणि नागुबाईनं तो घेतला होता.

दोन वर्षं लिहीत होता. शेवटच्या सहा पानांत एकही संवाद नाही. खाट, फडकं, उशी, तवा. त्या सहा पानांचा त्याला अभिमान होता आणि तो अगदी रास्त होता.

पण सिनेमाच्या धंद्यात लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. लातूरच्या आप्पासाहेब सरांना त्यानं पटकथा मेल केली. सर म्हणजे कोचिंग क्लासचे मालक. चौकाचौकात फलकावर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि भोवती डॉक्टर होऊ घातलेली पोरं. मागच्या साली त्यांनी एक सिनेमा काढला, तो चालला, आणि आता दुसरा काढायचा होता. महिन्याभरानं त्यांच्या हापिसातून फोन आला. "सर वाचत नसतात. ऐकतात. रविवारी या, स्टोरी सांगा."

वैजनाथच्या तोंडचं पाणी पळालं. तरी गेला. लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूर. क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर पाच-सहा लेखक दवाखान्यातल्या पेशंटसारखे ओळीत बसलेले. त्याचा नंबर आला. काचेच्या केबिनमध्ये आप्पासाहेब, आणि काचेपलीकडं पाचशे पोरं माना खाली घालून चाचणीचा पेपर सोडवत होती. वैजनाथनं फाइल उघडली आणि वाचायला लागला. आवाज त्याच्या शर्टाच्या बटणाच्या पुढं जाईना. दुसऱ्या पानावर सरांनी फोन घेतला. चौथ्या पानावर विचारलं, "हिरो कोण म्हणालात?" सातव्या पानावर वैजनाथची दातखीळ बसली. त्यानं फाइल मिटली.

सर तसे वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला. "वैजनाथराव, कागदात कायतरी हाय तुमच्या. पण मला ऐकूच येईना. ज्याला सांगता येतं अशा कुणाला तरी घेऊन या की."

पाचशे पोरांचं नशीब लेखी पेपरावर ठरवणाऱ्या माणसाला एक लेखी कागद वाचायला सवड नव्हती. आणि याचं त्या केबिनमध्ये कुणालाच काही वाटत नव्हतं.

मग हरिओम आला. हरिओम वैजनाथचा उमरीच्या शाळेपासूनचा दोस्त. नांदेडपासून लातूरपर्यंत लग्नं, वाढदिवस, उद्घाटनं, श्रद्धांजल्या, सगळीकडं माईक त्याच्याच हातात. नवरदेवाची वरात दोन तास उशिरा आली तरी हा मांडव हलू देत नाही. त्याच्या धंद्याचा एकच नियम आहे आणि तो तो प्रत्येक नव्या पोराला शिकवतो: माईक रिकामा ठेवायचा नाही. माईक चार सेकंद गप्प झाला की लोक चपला शोधायला लागतात.

"फिकीर करू नको. मी सांगतो ना तुझी स्टोरी," हरिओम म्हणाला. पैशाचं बोललाच नाही. दोस्त होता आणि मनापासून आला होता, हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे.

चार रविवार दोघं विष्णुपुरीच्या धरणाजवळ जाऊन बसले. वैजनाथ वाचायचा, हरिओम सांगून बघायचा. आणि काय सांगायचा! कचेरीतला प्रसंग त्याच्या तोंडून ऐकताना वैजनाथच्याच अंगावर काटा आला. आपण लिहिलेलं इतकं चांगलं आहे हे त्याला पहिल्यांदा कानानं कळलं. शेवटाशी मात्र त्यानं हरिओमला थांबवलं.

"इथं... ती भाकरीला उठून जाते. तिथं संपलं. मग गप्प बसायचं."

"किती येळ?"

"ते कायतरी बोलतील तोवर."

हरिओमनं डोकं खाजवलं. "गड्या, लई अवघड काम सांगून राहिला तू. पण बसतो गप्प."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच करायचं होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच केबिन. हरिओमनं पाऊण तास सांगितलं. दहाव्या मिनिटाला आप्पासाहेबांनी फोन पालथा घातला. 'हाव म्हणती ती' या वाक्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. वैजनाथ कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर फाइल घेऊन बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं, की आपण बोलतोय आणि कुणीतरी ऐकतंय. शेवट आला. फडकं. उशी. "आणि तव्यावरची भाकरी करपंल म्हणून नागुबाई उठून गेली," हरिओम म्हणाला आणि थांबला.

केबिनमध्ये शांतता पसरली. एसीची घरघर तेवढी. आप्पासाहेब टेबलाकडं बघत होते, हलत नव्हते. ही शांतता वैजनाथनं ओळखली. दोन वर्षं तो हिच्यासाठीच लिहीत होता.

हरिओमनं ती ओळखली नाही. त्याला पडलेला कार्यक्रम दिसला. एक, दोन, तीन, चार. समोरचा माणूस हसेना, रडेना, टाळी देईना. आणि वीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"आणि दारात थबकली," हरिओम म्हणाला. "वळली. म्हणाली, भाऊ! एकोणीस वर्षं झाली. तू माझा अंगठा घेतलास, पण माझी जीभ घ्यायची राहिली तुझ्याकडून. आता ऐक." आणि पुढं चार मिनिटं तो थांबला नाही. आईच्या दुधाचा विषय काढला, एका ताटातलं जेवण काढलं, राखीचा दोरा काढला. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "जा भाऊ. सुखानं जा. बहिणीनं माफ केलं तुला."

आप्पासाहेब ढसाढसा रडत होते. उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी हरिओमला मिठी मारली. "ह्ये पाहिजे. बहीण-भावाचं नातं हाय, शेवट गोडच पाहिजे. राखीपौर्णिमेला रिलीज करू." मग त्यांना कोपऱ्यातल्या माणसाची आठवण झाली. "लेखकसाहेब, शेवट ह्योच ना? असाच लिहून द्याल ना?"

वैजनाथचं वाक्य तयार होतं. हा शेवट माझा नाही. चार शब्द. ते घशातून वर आले, जिभेवर आले. समोर दोन माणसं त्याच्याकडं बघत होती आणि काचेपलीकडं पाचशे पोरं बसली होती.

"बोला की," आप्पासाहेब म्हणाले.

त्यानं तोंड उघडलं. हरिओमनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाव म्हणतोय तो," हरिओम म्हणाला.

आठ दिवसांनी करार आला. कथा, पटकथा, संवाद यांचे सगळे हक्क, सगळे बदल, सर्वकाळ. वैजनाथनं सही केली. शिकलेला होता म्हणून अंगठ्याची वेळ आली नाही.

त्या रविवारी परतीच्या एसटीत हरिओमनं त्याला विचारलं होतं, "वैजा, चुकलं का रे माझं? ते गप्प झाले आन् मला वाटलं, कार्यक्रम पडला. पण काम झालं का न्हाई?" वैजनाथ अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. हरिओमला वाटलं, आनंदानं बोलवत नसेल.

तो शेवट मग त्यालाच लिहावा लागला. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की त्यानं तो चांगला लिहिला. हरिओमचा मांडवातला मालमसाला काढून टाकला आणि त्या जागी नागुबाईची खरी वाक्यं घातली. भांडी घासताना, डाळ निवडताना ती भावाबद्दल जे वैजनाथशी बोलली होती, फक्त वैजनाथशी, ते सगळं त्यानं तिच्या तोंडून भावापुढं वदवलं. केबिनमध्ये त्याला नाही म्हणता आलं नव्हतं, ते तर झालंच. पण पानं हाती आल्यावर लेखकाला वाईट लिहिताही आलं नाही. हरिओमनं वाचलं आणि म्हणाला, "माझ्यापेक्षा भारी हाय गड्या."

आता आत्याला सांगायचं होतं. नागुबाईला अक्षरओळख नाही. चिठ्ठी लिहून तिच्या हातावर ठेवायची सोय नव्हती. जगात नेमकी तीच एक बाई अशी होती जिला हे तोंडानंच सांगावं लागणार होतं. उज्वला म्हणाली, "तुम्ही सांगा, न्हाईतर मी सांगते." तो म्हणाला, "मी सांगतो." थंडीत शूटिंग झालं. उन्हाळा गेला. आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा लागला. एकदा तो तिच्यापुढं जाऊन बसलासुद्धा. तेव्हा तिनंच विचारलं.

"वैजू, मी बोलत न्हाई ना रे त्यात?"

आणि वाट बघत बसली. नेहमीसारखी, हात थांबवून, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत.

वैजनाथनं नाही अशी मान हलवली.

तेवढ्यानं तिचं भागलं. ती उठली आणि तिनं त्याला चहा करून दिला.

राखीपौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी नांदेडला पहिला खेळ होता, दुपारी बाराचा. वैजनाथनं नागुबाईला नवं हिरवं लुगडं आणलं. तिनं घडी मोडली नाही, नुसती उलटीपालटी करून बघत राहिली. "नवं कामून आणलंस?" तिनं विचारलं. वैजनाथला कचेरीतलं लुगडं आठवलं. तिलाही आठवलंच असणार, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी पोराचा आनंद म्हणून ती नेसली. दहा वर्षांच्या सृष्टीनं, वैजनाथच्या पोरीनं, तिच्या पदराला पिन लावून दिली.

थेटरात ते चौघं पुढच्या मानाच्या खुर्च्यांवर बसले. पडद्यावर नाव आलं: कथा, पटकथा, संवाद वैजनाथ ढगे. कुणी ते चोरलं नव्हतं. टाळ्या पडल्या. नागुबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो हात दोन तास तिथंच होता. कचेरीच्या प्रसंगाला तिनं त्याचा गुडघा दाबला. मग भावाची खाट आली. फडकं. उशी. नागुबाईचं काम करणारी पुण्याची नटी उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"भाऊ," नटी म्हणाली.

गुडघ्यावरचा हात निघाला.

पुढची चार मिनिटं थेटरात शिट्ट्या होत्या, हुंदके होते, मागच्या रांगेतल्या बाया नाकाला पदर लावून रडत होत्या. वैजनाथ पडद्याकडं बघत नव्हता. नागुबाई बघत होती. आपली वाक्यं एक एक ओळखत होती. मोरीपाशी बोललेलं हे, कणगीपाशी बोललेलं हे. 'माफ केलं तुला' म्हणून नटीनं डोळे मिटले, तेव्हा नागुबाईनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत पुढं ओढला. परका पुरुष शेजारी येऊन बसला की ओढतात, तसा.

खेळ संपला आणि सत्कार सुरू झाला. माईक अर्थातच हरिओमकडं. शाल, नारळ, फेटा. "आता लेखकाचे दोन शब्द," हरिओम म्हणाला. वैजनाथ "धन्यवाद" म्हणाला आणि बसला. लोकांना वाटलं, किती साधा माणूस. हरिओमला तेवढ्यानं कसं पुरेल? त्यानं आवाज चढवला. "रसिकहो, जिची ही कहाणी, ती खरी नागुबाई आज आपल्यात बसलीय! आत्या, या. फक्त दोन शब्द."

दोघातिघांनी धरून तिला पुढं नेलं आणि तिच्या हातात माईक दिला. ती नव्या लुगड्यात उभी राहिली. चारशे माणसं तिच्याकडं बघत होती आणि आप्पासाहेब रुमाल घेऊन तयार होते. नागुबाई कुणाकडंच बघत नव्हती. एक, दोन, तीन, चार. वैजनाथनं लिहिलेली शांतता ती. कुठल्याही पडद्यावर आली नाही ती त्या थेटरात खरोखर आली आणि पाच सेकंद टिकली.

हरिओमनं माईक काढून घेतला. "आत्याचा कंठ दाटून आलाय! जोरदार टाळ्या!"

टाळ्या जोरदार पडल्या.

संध्याकाळी नागुबाई नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. लुगडं घडी करून पिशवीत घालून वैजनाथच्या खुर्चीवर ठेवलेलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. काय झालं कुणास ठाऊक, पण त्या दिवशी त्याची जीभ अडली नाही. जन्मभर न आलेलं वाक्य सरळ, अख्खं बाहेर आलं. "आत्या, चूक हरिओमची न्हाई, माझी हाय. मी तिथं न्हाई म्हणायला पाहिजे होतं, आन् तुला सांगायला पाहिजे होतं."

नागुबाई वाक्य संपेपर्यंत थांबली नाही. मधेच वळून तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

तो बराच वेळ दारात उभा राहिला. ती त्याच्या बाजूनं ताटं घेऊन गेली, पाणी घेऊन गेली, पदर पुढं ओढून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ कॉलेजला निघायच्या आधी खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. पेपरात सिनेमाची बातमी होती. 'शेवटाने रडवले.' आतून नागुबाईचा आवाज आला. घरात कुणाशी तिचा आवाज कमी झाला नव्हता. उज्वलाशी बोलली होती, दूधवाल्याशी भाव करून झाला होता.

"सृष्टे, तुझ्या बापाला सांग, डबा भरलाय."

सृष्टी बाहेर आली. ती गोंधळली होती. "पप्पा, आत्याआजी म्हणती डबा भरलाय." मग हळूच म्हणाली, "तुम्ही तर हितंच बसलाय. मग मला कामून सांगायला लावती?"

वैजनाथला ते माहीत होतं. ते कसं सुरू होतं आणि किती वर्षं चालतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं नागुबाईपाशी आता नव्हती. होती तेवढी तिला पुरणार होती.

"काय सांगू आजीला?" सृष्टीनं विचारलं. ती दोघांच्या मधे, उंबऱ्यात उभी होती.

वैजनाथनं नाडीची गाठ मारली.

"हाव म्हण," तो म्हणाला.